इतिहास : मखरातला आणि कागदातला

पूर्वी महाराष्ट्राच्या घराघरांत इतिहास पोहोचत असे तो कीर्तनातून, पोवाड्यातून, शाळेच्या पुस्तकातून आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून. गेल्या काही दशकांत हे काम दूरचित्रवाणीने आपल्या हाती घेतले आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी सारे कुटुंब एकत्र बसते आणि समोरच्या पडद्यावर रायगडाचा दरबार भरतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनात शिवछत्रपतींचा, शंभूराजांचा, जिजाऊसाहेबांचा जो चेहरा उमटतो, तो त्या अभिनेत्याचा वा अभिनेत्रीचा असतो आणि जे संवाद कानात राहतात ते पटकथाकाराचे असतात. पुढे मोठेपणी कितीही ग्रंथ वाचले तरी हे पहिले चित्र सहसा पुसले जात नाही. म्हणूनच ऐतिहासिक मालिका ही केवळ करमणूक आहे, तिच्याकडे फार गांभीर्याने पाहू नये, असे म्हणून या विषयाची बोळवण करता येत नाही. समाजाच्या स्मृतीत काय साठवले जात आहे, हा प्रश्न राष्ट्राचा विचार करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

झी मराठी वाहिनीवर सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका दाखविण्यात आली. जवळजवळ अडीच वर्षे ती मराठी कुटुंबांच्या दिनक्रमाचा भाग होऊन राहिली होती. २००८ साली स्टार प्रवाहवरील ‘राजा शिवछत्रपती’ या मालिकेत शिवरायांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे येथे शंभूराजांच्या भूमिकेत होते. या मालिकेचे श्रेय प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शंभूराजे हे संस्कृतचे जाणकार होते, ‘बुधभूषणम्’सारखा राजनीतीचा विचार करणारा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, वयाच्या तेविसाव्या वर्षी राज्याची धुरा त्यांच्या खांद्यावर आली आणि पुढची नऊ वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या अफाट सैन्याला दख्खनच्या मातीत झुंजत ठेवले, हे या मालिकेमुळे लाखो घरांत पोहोचले. ज्या राजाचे नाव निघताच एके काळी ‘रागीट’, ‘व्यसनी’ असे शब्द सहज उच्चारले जात, त्याच्याविषयी नव्या पिढीच्या मनात आदर निर्माण झाला. हे काम लहान नाही.

तथापि, ते चुकीचे शब्द आले कोठून, हे विसरून चालणार नाही. शंभूराजांची बदनामी शत्रूच्या तवारीखकारांनी केली हे खरे. पण मराठी मनात ती रुजविली मराठी बखरीने आणि मराठी रंगभूमीने. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे शंभूराजांच्या बलिदानानंतर सुमारे १२० वर्षांनी लिहिली गेली. बखरकार हे बाळाजी आवजींच्या घराण्यातले होते आणि बाळाजी आवजींना शंभूराजांनी १६८१ साली देहान्त शासन केले होते. घराण्याच्या मनातील ते दुःख बखरीच्या शाईत उतरले, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पुढे नाटककारांना ही बखर म्हणजे आयते भांडार मिळाले. रामगणेश गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’, वि. ह. औंधकरांचे १९२४ मधील ‘बेबंदशाही’, १९४१ मधील ‘थोरातांची कमळा’ हा चित्रपट, अशा कृतींतून शंभूराजांचे एक अतिनाट्यमय रूप उभे राहिले. मोहात सापडलेला युवराज, दरबारातील कारस्थाने, पश्चात्तापाची स्वगते आणि शेवटी बलिदानाने सारे डाग धुऊन निघणे, या साच्यात प्रेक्षक रमले. लिहिणाऱ्यांच्या मनात शंभूराजांविषयी द्वेष होता असे म्हणता येणार नाही. त्यांना रंगणारे नाटक हवे होते. नाटक रंगले आणि एका छत्रपतीचे चारित्र्य पिढ्यान्‌पिढ्या काळवंडून राहिले.

हा कलंक पुसला तो कोणी? दुसऱ्या, अधिक आवेशपूर्ण नाटकाने तो पुसला नाही. तो पुसला वासुदेव सीताराम बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाने. देशोदेशीची दप्तरे धुंडाळून, पत्रे, दानपत्रे, परकीयांचे वृत्तान्त, तवारिखा यांचा ताळा घालून बेंद्रे यांनी शंभूराजांचे साधार चरित्र सिद्ध केले. ते १९६० साली प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. कमल गोखले यांनी तोच मार्ग पुढे नेला. त्यानंतरच शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी, विश्वास पाटलांची ‘संभाजी’ कादंबरी आणि आजच्या मालिका व चित्रपट शक्य झाले. ज्या शंभूराजांचा जयजयकार आज पडद्यावर होतो, ते शंभूराजे कागदांनी परत दिले आहेत. मालिकांवर हे कागदांचे ऋण आहे आणि ते त्या किती फेडतात, या कसोटीवर त्यांना घासून पाहणे अन्याय्य ठरू नये.

या कसोटीवर आजची ऐतिहासिक मालिका फारशी उतरत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. नायकाचे चित्र उलटले, परंतु चौकट जुनीच राहिली. पूर्वी नायकावर डाग होता. आता नायक निष्कलंक झाला आणि तो सारा काळिमा घरातल्याच इतर माणसांच्या तोंडाला फासला गेला. कौटुंबिक मालिकांचे तंत्र ऐतिहासिक मालिकेने जसेच्या तसे उचलले आहे. दाराआडून ऐकणारी दासी, दिव्याच्या उजेडात कुजबुजणारे कारभारी, एका वाक्यानंतर चार जणांच्या चेहऱ्यांवर पाळीपाळीने थांबणारा कॅमेरा, त्यावर कडाडणारे संगीत आणि नेमक्या त्याच क्षणी येणारी जाहिरात! सासू-सुनांच्या कथेत जी भूमिका कपटी काकूची, तीच येथे सोयराबाई राणीसाहेबांच्या वाट्याला आली. वस्त्रे तेवढी सतराव्या शतकातली, भांडण मात्र आजच्या मालिकेतले.

सोयराबाईंविषयी कागद काय सांगतात? शिवछत्रपतींचे निर्वाण ३ एप्रिल १६८० रोजी झाले. शंभूराजे त्या वेळी पन्हाळ्यावर होते. अण्णाजी दत्तो, मोरोपंत आदी प्रधानांनी दहा वर्षांच्या राजाराम महाराजांना मंचकारोहण करविले. या घडामोडीत सोयराबाईंचा सहभाग होता, हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्या पुत्राला राज्य मिळावे असे वाटणाऱ्या त्या मध्ययुगातील पहिल्या राणी नव्हत्या आणि शेवटच्याही नव्हत्या. परंतु त्याच वर्षी, ऑगस्ट १६८० मध्ये, स्वतः शंभूराजांनी कुडाळच्या बाकरे घराण्यातील पंडिताला जे संस्कृत दानपत्र दिले, त्यात आपल्या या सापत्न मातेचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ अंतःकरणाची म्हणून गौरवाने केला आहे. ज्यांच्या विरोधात कट झाला, त्यांनीच आपल्या सहीशिक्क्याच्या कागदात आईचा मान राखला. ही मनाची थोरवी कोणत्याही काल्पनिक प्रसंगापेक्षा मोठी आहे. मात्र अखंड कारस्थान करणारी राणी एकदा रंगवून ठेवली की या दानपत्राला कथेत जागाच उरत नाही.

हंबीरराव मोहित्यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. हंबीरराव हे सोयराबाईंचे सख्खे बंधू. राजाराम महाराज त्यांचे सख्खे भाचे. प्रधानांचा पक्ष विजयी होता तर सर्वाधिक लाभ हंबीररावांचाच होता. स्वराज्याच्या या सरनोबताने रक्ताचे नाते बाजूला ठेवले, प्रधानांना कैद करून पन्हाळ्यावर शंभूराजांच्या पुढे उभे केले आणि पुढे १६८७ साली वाईजवळच्या रणात देह ठेवला. नात्यापेक्षा राज्य मोठे, हा बोध यातून जितका स्पष्ट मिळतो तितका शंभर भाषणांतून मिळणार नाही. या प्रसंगाला ढगांच्या गडगडाटाची गरज नाही. तो शांतपणे सांगितला तरी अंगावर रोमांच उभे राहतात.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. नाट्य म्हटले की संघर्ष आला, संघर्ष म्हटला की खलनायक आला. दानपत्रे वाचून दाखविली तर मालिका पाहणार कोण? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ आणि १९९१ साली डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांची ‘चाणक्य’ या मालिका लोकांनी आवडीने पाहिल्या होत्या. ‘चाणक्य’मध्ये दीर्घ संवाद होते, संस्कृतप्रचुर भाषा होती, राजनीतीचा ऊहापोह होता, तरीही घरोघरी ती पाहिली गेली. प्रेक्षकाला विचार झेपत नाही, हे गृहीतक वाहिन्यांच्या सोयीचे आहे. आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षे, एकाच कथेला ताणत न्यायचे असल्यामुळे प्रसंग अपुरे पडतात, मग कारस्थाने वाढवावी लागतात. याला इतिहास जबाबदार नाही, कलाही नाही. हे व्यवसायाचे गणित आहे आणि ते प्रामाणिकपणे तसे मान्य केले जावे.

शिवाय शंभूराजांच्या कारकिर्दीत नाट्याचा दुष्काळ होता काय? राज्यावर येताच बुऱ्हाणपुरावर पडलेली धाड. जंजिऱ्याच्या सिद्दीला नमविण्यासाठी समुद्रात सेतू बांधण्याचा प्रयत्न आणि ऐन वेळी मोगली फौज कल्याणच्या बाजूने उतरल्यामुळे सोडावा लागलेला वेढा. औरंगजेबाच्याच बंडखोर पुत्राला, शहजादा अकबराला, दिलेला आश्रय आणि त्यातून उत्तरेच्या राजकारणात हात घालण्याची आकांक्षा. १६८३ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांची झालेली दाणादाण. नाशिकजवळच्या रामसेजसारख्या छोट्या किल्ल्याने बादशाही फौजांना वर्षानुवर्षे दिलेली झुंज, हे सारे एकाच राजाच्या नऊ वर्षांत घडले. एकाच वेळी मोगल, सिद्दी, पोर्तुगीज आणि म्हैसूरकर यांच्याशी झुंजताना दारूगोळा कोठून आला, पैका कसा उभा राहिला, पावसाळ्यात गडांवर धान्य कसे पोहोचले, गलबते कोणी बांधली, या प्रश्नांत राज्य चालविण्याची खरी कथा आहे. कार्यकर्त्याला आणि विद्यार्थ्याला तीच उपयोगाची आहे. पराक्रम हा केवळ आवेशाचा विषय नाही, त्यामागे व्यवस्था उभी करावी लागते, हा धडा त्या कथेतून मिळतो. रणांगण उभारणे खर्चाचे आणि महाल उभारणे स्वस्त, म्हणून राजकारण महालात कोंडले जाते. परिणामी प्रेक्षकाला स्वराज्याच्या दरबारातले रुसवेफुगवे तोंडपाठ होतात, पण रामसेज कोठे आहे हे नकाशावर दाखविता येत नाही.

अतिनाट्याचा सर्वांत घातक परिणाम मात्र याहून वेगळा आहे. पडद्यावरचा खलनायक मालिका संपल्यावर संपत नाही. तो समाजात उतरतो आणि त्याला जात चिकटते. अण्णाजी दत्तो हे शिवछत्रपतींच्या काळी जमीनमहसुलाची घडी बसविणारे कर्तबगार कारभारी होते. त्यांनी पुढे राजद्रोह केला. शंभूराजांनी पहिल्या कटानंतर क्षमा करून त्यांना पुन्हा पद दिले आणि दुसऱ्यांदा कट उघडकीस आल्यावर १६८१ मध्ये हत्तीच्या पायी दिले. कर्तबगार माणूस सत्तेच्या मोहाने कसा घसरतो, याची ही शोकांतिका आहे. तिला एका ज्ञातीच्या स्वभावाची कथा बनविणे हा इतिहासाचा विपर्यास आणि समाजाचा घात आहे. कटात ब्राह्मण होते, कायस्थ प्रभू होते, मराठेही होते. शंभूराजांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांतही हे सारे होते. ज्यांनी छत्रपतींबरोबर मरणयातना सोसल्या ते कवी कलश उत्तरेतून आलेले ब्राह्मण होते. ज्या बाळाजी आवजींना देहान्त शासन झाले त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी वडिलांचे दुःख गिळून स्वराज्याची सेवा केली आणि राजाराम महाराजांना जिंजीपर्यंत पोहोचविण्याच्या जोखमीच्या कामात ते सोबत राहिले. निष्ठा आणि द्रोह यांची वाटणी जातीवार झालेली नव्हती. समरस समाजाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी खंडो बल्लाळांची कथा दहादा सांगावी अशी आहे.

याचे भान सुटले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा रात्रीच्या अंधारात उखडून नदीत टाकण्यात आला. ‘राजसंन्यास’मधील चित्रण आक्षेपार्ह आहे, असे त्याचे समर्थन केले गेले. त्या चित्रणाला पुरावा नाही हे बेंद्रे यांनी त्याआधी ५७ वर्षे सप्रमाण सिद्ध केले होते. पुतळा उखडल्याने शंभूराजांच्या चरित्रात एका ओळीचीही भर पडली नाही. त्याचप्रमाणे २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटात शिर्क्यांचे जे चित्रण झाले, त्याला शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. येसूबाई राणीसाहेब स्वतः शिर्क्यांच्या कन्या होत्या, ही गोष्ट फितुरीच्या कथेच्या गदारोळात किती जणांच्या ध्यानात राहिली?

आणखी एक मुद्दा शंभूराजांच्या भक्तांनीच विचारात घ्यावा असा आहे. डिसेंबर १६७८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शंभूराजे दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि सुमारे वर्षभराने स्वराज्यात परत आले. त्यामागच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हा प्रसंग झाकून टाकावा किंवा त्याला काहीतरी चमत्कृतिपूर्ण स्पष्टीकरण चिकटवावे, असा मोह कथाकारांना होतो. वस्तुतः याची काहीही गरज नाही. जो युवराज एकदा मोगलांच्या छावणीत गेला होता, त्यालाच दहा वर्षांनी त्याच मोगल बादशहाने अनन्वित छळ करून वाकविण्याचा प्रयत्न केला आणि तो वाकला नाही. ११ मार्च १६८९ च्या बलिदानाचे तेज या पूर्वकथेने कमी होते की शतपटीने वाढते? मखरात बसविलेल्या देवाची पूजा होते. त्याच्यासारखे होण्याचा प्रयत्न मात्र कोणी करीत नाही. तरुणांनी शंभूराजांपासून स्फूर्ती घ्यावी असे वाटत असेल, तर त्यांना माणूस म्हणून समजून घेण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे.

‘निदान आपला इतिहास दाखवला तरी जातो आहे, मग दोष कशाला काढायचे?’ असा सूर स्वकीयांतूनही निघतो. अनेक दशकांच्या उपेक्षेनंतर आलेली ही कृतज्ञता समजण्यासारखी आहे. परंतु इतिहासाच्या विकृतीकरणाविरुद्ध आवाज उठविण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, जो आपल्या आवडीच्या चित्रणालाही पुराव्याचा प्रश्न विचारतो. प्रतिकूल खोट्याला विरोध आणि अनुकूल खोट्याला टाळ्या, ही भूमिका फार काळ टिकत नाही. त्यातून पुढची पिढी एकच निष्कर्ष काढते, की इतिहास म्हणजे ज्याचा त्याचा सोयीचा पाठ. तो निष्कर्ष रुजला तर शंभूराजांच्या खऱ्या पराक्रमालाही कोणी पुरावा मानणार नाही.

वाहिन्यांकडून म्हणून काही अपेक्षा रास्त आहेत. जाहिरातीत ‘खरा इतिहास’ म्हणायचे आणि प्रारंभीच्या पाटीवर ‘नाट्यमयतेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे’ असे बारीक अक्षरांत लिहून मोकळे व्हायचे, हा दुटप्पीपणा थांबावा. कोणता प्रसंग कागदपत्रांतून आला आणि कोणता कल्पित आहे, हे भागाच्या शेवटी दोन ओळींत सांगणे कठीण नाही. प्रेक्षकांची जबाबदारीही तेवढीच आहे. घराघरांतील पालकांनी मालिका मुलांबरोबर अवश्य पाहावी. पण भाग संपल्यावर नकाशा उघडावा, बेंद्रे वा गोखले यांच्या चरित्रातील त्या प्रसंगाचे पान काढावे आणि जुळते काय, जुळत नाही काय, हे मुलांनाच शोधू द्यावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी मुलांच्या सहली रामसेजला, तुळापूर-वढूला न्याव्यात. ज्या मुलाने रामसेजचा उतार स्वतःच्या पायांनी चढला आहे, त्याला पडद्यावरचा पुठ्ठ्याचा बुरूज चटकन ओळखू येतो.

येसूबाई राणीसाहेबांच्या उत्तरायुष्याकडे या दृष्टीने पाहावे. १६८९ मध्ये पतीचा अमानुष वध झालेला, रायगडाला वेढा पडलेला, पुत्र शाहू अवघा सात वर्षांचा. अशा वेळी त्यांनी आपल्या पुत्राचा हक्क पुढे केला नाही. राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडावे, राज्य राखावे, असा निर्णय त्यांनी घेतला आणि स्वतः मुलासह गडावर मागे राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला. त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि सुटून स्वदेशी परतल्या त्या १७१९ साली. सुमारे तीस वर्षांच्या या कैदेत दाराआडचे कारस्थान नाही, तलवारींचा खणखणाट नाही, टाळ्या घेणारा संवाद नाही. ज्या सापत्न दिराच्या नावाने शंभूराजांविरुद्ध कट झाला होता, त्याच्याच हाती राज्य सोपविणाऱ्या या राणीने घरातल्या भांडणाचा शेवट केला. मराठी मालिकांना तो शेवट अजून नीट सांगता आलेला नाही. तो सांगितला जावा, अशी मागणी प्रेक्षकांनीच आता केली पाहिजे.